तिचा जीव कशात अडकलाय?

मरणाच्या दारात असलेल्या माणसाविषयी आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘जीव अडकलाय हो कशात तरी!’ मग तर्क सुरू होतात. मुंबईच्या मुलाची वाट बघत असेल. धाकटीच्या लग्नाचा घोर असेल. कुणी गंगाजल आणायला धावतं, कुणी मुलाला फोन लावतं. या वाक्यात मोठं शहाणपण आहे. शरीर थकलं तरी माणूस आतून कशाशी तरी झगडत असतो आणि ते झगडणं औषधाने सुटत नाही, हे आपल्या लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. पण हा प्रश्न सगळे एकमेकांना विचारतात, तिला कुणी विचारत नाही. आणि विचारायचं सुचतं तेही तिची वाचा गेल्यावर. सहा महिने आधी ती बोलत होती, तेव्हा तिला ‘तू बोलू नकोस, आराम कर’ असं सांगितलं गेलेलं असतं.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतर मी गंभीर आजारी रुग्णांच्या घरी जाणाऱ्या एका पथकात काम करते. डॉक्टर, नर्स आणि मी अशा तिघी असतो. आमचे बरेचसे रुग्ण कॅन्सरचे, काही मूत्रपिंड किंवा हृदय निकामी झालेले. बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं हे काम. त्याला आता सगळीकडे पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. या कामात रोज जे दिसतं त्याविषयी आपल्या संघटनांमध्ये बोललं जावं असं फार दिवस वाटत होतं, म्हणून हा लेख.

स्त्रियांच्या आरोग्यावर चळवळीने थोडंथोडकं काम केलेलं नाही. १९८० च्या दशकात नेट-एनसारख्या गर्भनिरोधक इंजेक्शनांविरुद्ध संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. गर्भलिंगचाचणीविरुद्धच्या लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला. पाळी, गर्भपात, बाळंतपण, अंगावरून जाणं, या सगळ्याविषयी आपण शिबिरांतून मोकळेपणाने बोलायला शिकलो. पण नीट पाहिलं तर या चर्चेत येणारी बाई मूल होण्याच्या वयातली आहे. तिच्यापुढची, आजाराने खाटेला खिळलेली, बरी न होणारी बाई आपल्या चर्चेत क्वचितच येते. तिच्या बाबतीत आपणही उपचार मिळाले का, खर्चाचं काय, इथपर्यंत येऊन थांबतो. त्यापुढचं दुःख देवाधर्माच्या आणि घरच्यांच्या ताब्यात देऊन मोकळ्या होतो. माझं म्हणणं असं की हे दुःखसुद्धा आपला विषय आहे.

हे दुःख म्हणजे नेमकं काय? इंग्लंडमध्ये सिसिली सॉंडर्स नावाच्या बाई होत्या. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणासन्न माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते, असं त्यांनी मांडलं. शरीराची, मनाची, घरसंसाराची-पैशाअडक्याची आणि ‘माझ्या जगण्याला काय अर्थ’ या प्रश्नाची अशा चार वेदना एकमेकींत गुंतलेल्या असतात. या सगळीला मिळून त्यांनी ‘समग्र वेदना’ असं नाव दिलं. १९८२ साली अमेरिकेतल्या एरिक कॅसल या डॉक्टरांनी याच्याच जवळचं म्हटलं. शरीर दुखतं ती वेदना, आणि माणूस म्हणून आपण मोडतो आहोत असं वाटणं म्हणजे यातना. दोन्ही एक नव्हेत. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. म्हणजे हा विचार आपल्याकडे येऊनही बरीच वर्षं झाली. तो अजून घराघरांत पोहोचलेला नाही, एवढंच.

चौथ्या प्रकारच्या वेदनेला पुस्तकांत ‘अस्तित्वाची वेदना’ म्हणतात. बायका असे शब्द वापरत नाहीत. त्या म्हणतात, ‘मी आता कुणाच्या उपयोगाची?’ ‘सगळ्यांना नुसता ताप झालेय.’ ‘मी काय पाप केलं होतं?’ ‘माझं सगळं करायचं राहूनच गेलं.’ ‘देवाने लवकर न्यावं आता.’ काही जणी तर काहीच म्हणत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. घरचे सांगतात, ‘काही त्रास नाही, शांत असते.’ ही शांतता नीट बघायला हवी. रात्री झोप लागत नाही पण दुखतंय कुठे ते सांगता येत नाही, औषध वाढवूनही कण्हणं थांबत नाही, एकटीला सोडलं की घाबरी होते, आवडती नातवंडंही जवळ नको म्हणते. अशी लक्षणं दिसली की समजावं, आत काहीतरी घुसमटतंय.

ही वेदना पुरुषांना होत नाही असं नाही. पण बाईच्या वाट्याला ती एका विशिष्ट घाटातून येते. ‘उपयोगाची नाही’ हे वाक्य घ्या. जिची किंमत जन्मभर ती किती राबते यावर ठरली, तिचे हात थांबले की तिला स्वतःची काही किंमतच उरली नाही असं वाटणारच. पुरुष अंथरुणाला खिळला तरी घरचा कर्ता असतो, त्याला विचारून गोष्टी होतात. बाई खिळली की तिचं स्वयंपाकघर दुसरीच्या हातात जातं, किल्ल्या जातात, आणि ‘घरात आपण कोण?’ असा प्रश्न उभा राहतो. शिवाय सेवा करणं हे तिच्या अंगवळणी पडलेलं असतं, सेवा घेणं नाही. सुनेने अंग पुसलं तरी तिला अपराध्यासारखं होतं.

‘पाप’ या शब्दाचंही तसंच. मराठवाड्यातून आलेल्या एका शेतमजूर बाईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. आजार खालच्या अंगाचा, म्हणून गावात कुजबुज झाली. ती स्वतःही मनातल्या मनात तीस वर्षांचा हिशेब मांडत बसली, की आपलं चुकलं कुठे. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो इतका सर्वत्र आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होऊन जाते आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. नर्सबाईंनी हे तिला साध्या भाषेत सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्याच्याकडूनही आला असेल?’ या एका प्रश्नाने तिच्या छातीवरचा दगड हलला. शास्त्रीय माहिती ही कधी कधी सांत्वनापेक्षा जास्त सांत्वन करते.

मात्र सगळीच तगमग अर्थाची, अस्तित्वाची असते असं समजून बसू नये. आधी शरीर बघायचं. असह्य दुखत असताना कुणालाही ‘मरण येवो’ असंच वाटेल. तिथे गप्पा मारणं म्हणजे क्रूरपणा. मॉर्फिनच्या गोळीने हे दुखणं बहुतांशी आटोक्यात येतं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ही गोळी मिळणं अतिशय कठीण झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त आरोग्यसंस्थांसाठी परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. तरीही अनेक ठिकाणी ती मिळत नाही, आणि घरचेही ‘सवय लागेल’ म्हणून देत नाहीत. आयुष्याचे थोडे दिवस उरलेल्या बाईला सवयीची भीती घालून कळा सोसायला लावणं हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध आवाज उठवणं आपल्याला चांगलं जमतं.

दुसरं, नैराश्याचा आजार. तो असेल तर त्यावर उपचार आहेत आणि ते मिळायला हवेत. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड किसेन यांनी हिंमत खचणं आणि नैराश्य यांतला फरक दाखवला आहे. नैराश्यात माणसाला कशातच गोडी वाटत नाही. हिंमत खचलेली बाई समोर आलेल्या नातवाला बघून हसू शकते, चहा आवडीने पिऊ शकते. पण पुढे बघितलं की तिला सगळं निरर्थक आणि आपण असहाय वाटतो. हा फरक ठरवणं तज्ज्ञांचं काम. आपण एवढं करायचं, की ‘मरावंसं वाटतं’ असं कुणी म्हटलं तर ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून तिचं तोंड बंद करायचं नाही. ‘फार त्रास होतोय का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ असं सरळ विचारायचं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. असतो तो बाहेर येतो. तसं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं आणि तिला एकटीला सोडायचं नाही.

मग ही वेदना हलकी कशी करायची? पहिली गोष्ट म्हणजे तिला खरं कळण्याचा हक्क. आपल्याकडे डॉक्टर रिपोर्ट नवऱ्याला किंवा मुलाला सांगतात आणि ते म्हणतात, ‘तिला सांगू नका, खचेल.’ यात माया असते हे मला नाकारायचं नाही. पण तिला कळत असतंच. केस गेले, वजन गेलं, नातेवाईक रांगेने भेटून जाऊ लागले, यातून तिला सगळं समजतं. फक्त आपल्याला समजलंय हे कुणाला सांगायची सोय राहत नाही. घरचे तिच्यापासून लपवतात, ती घरच्यांपासून लपवते, आणि एकाच खोलीत सगळे एकटे पडतात. म्हणून खरं एकदम अंगावर फेकायचं नाही, पण ‘तुम्हाला आजाराविषयी काय वाटतं? किती जाणून घ्यायचंय?’ असं तिलाच विचारायचं. ‘मला नाही ऐकायचं’ म्हणण्याचाही हक्क तिलाच, नवऱ्याला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. कॅनडातले हार्वे चोचिनोव्ह हे डॉक्टर रुग्णाला एक साधा प्रश्न विचारायला सांगतात. तुमची चांगली काळजी घ्यायची तर माणूस म्हणून तुमच्याविषयी मला काय माहीत असायला हवं? माझ्या अनुभवात हा प्रश्न ऐकून बायका आधी गोंधळतात, कारण असं कुणी कधी विचारलेलंच नसतं. मग बोलू लागतात, आणि बहुतेक वेळा आजाराविषयी बोलतच नाहीत. चोचिनोव्ह यांची एक पद्धतही आहे. रुग्णाने आपल्या आयुष्यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते सांगायचं, ते लिहून काढून त्याला वाचून दाखवायचं, दुरुस्त करायचं आणि त्याच्या माणसांसाठी ठेवायचं. त्यासाठी मोठी साधनं लागत नाहीत.

पंचवीस वर्षं खानावळ चालवलेल्या एका बाईंना मी विचारलं, काय लिहून ठेवू या? मला वाटलं होतं मुलांसाठी काही सांगतील. त्या म्हणाल्या, ‘उधारीची वही लिहा.’ तीन बैठका आम्ही उधारी लिहिली. कुणाकडे किती, ते त्यांना तोंडपाठ होतं. काही नावांपुढे त्यांनी ‘सोडून दे’ लिहायला लावलं, काही नावांपुढे ‘पै न पै वसूल करणे’. कुणाला का सोडायचं हे सांगता सांगता त्यांचं सगळं आयुष्य उलगडलं. नोकरी नसलेल्या पोरांना जेवू घातलेलं, नवऱ्याच्या मागे उभा केलेला धंदा, एकदा गुंडांना दिलेलं उत्तर. वही सुनेच्या हाती देताना त्या मालकीण होत्या, रुग्ण नव्हत्या. अर्थ म्हणतात तो हाच. तो तिच्या आयुष्यातच पडलेला असतो, बाहेरून आणून द्यावा लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे राहिलेली कामं. ‘जीव अडकलाय’ म्हणतात ते अनेकदा अगदी व्यवहारात अडकलेलं असतं. मूल नसलेल्या एका विधवा शिवणकाम करणाऱ्या बाईंना घोर होता तो त्यांच्या पोस्टातल्या पैशांचा. ते बहिणीला मिळावेत, जी त्यांची सेवा करत होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूल आणि नवरा दोन्ही नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरी नाही. ज्या सासरने त्यांना घराबाहेर काढलं होतं, त्यांनाच ते पैसे गेले असते. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तिची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसलेला बरा. एका दुपारी हे काम झालं आणि त्यांना त्या रात्री झोप लागली. मनाच्या शांतीचा रस्ता कधी कधी वकिलाच्या टेबलावरून जातो, हे आपल्या कायदा सल्ला केंद्रांनी लक्षात घ्यावं.

उपचारांविषयीच्या इच्छेचंही असंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘कॉमन कॉज’ खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि आपल्यावर शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली. २०२३ साली त्याची रीत सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर केलेला असा कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतो. स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याचा हक्क आपण इतकी वर्षं मागतो आहोत. तो हक्क शेवटच्या खाटेपर्यंत गेला पाहिजे.

धर्माचं काय, असं मैत्रिणी विचारतात. माझं उत्तर असं की, तो तिचा असेल तर तिचा. जी जन्मभर वारीला गेली, तिला अभंगात आधार मिळत असेल तर आपण कपाळाला आठ्या घालू नयेत. पण जिने कधी हात जोडले नाहीत तिच्या उशाशी जबरदस्तीने पोथी लावणंही चूक. आणि ‘कर्माचे भोग’ हा उपदेश तर कुठल्याही खाटेजवळ नको. तितकीच नकोशी आहे ती ‘पॉझिटिव्ह राहा, कॅन्सरला हरवा’ ही नवी पोथी. जी बरी होणार नाही तिला त्यातून एवढंच कळतं की ती लढाईत कमी पडली.

आता एक इशारा आपल्या स्वतःसाठी. तिच्या दुःखात पितृसत्ता आहे, पण तिचं दुःख म्हणजे फक्त पितृसत्ता नव्हे. मरणाची भीती, सुटून जाणाऱ्या जगाची ओढ, हे माणूस म्हणून असतंच. एका बाईंना नवऱ्याने वर्षानुवर्षं मारहाण केली होती. शेवटी त्यांना तोच समोर बसलेला हवा होता. त्यांनी त्याला माफ केलं का, मला माहीत नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या एकीने नवऱ्याला खोलीत येऊ द्यायचं नाही असं सांगितलं. सगळं गाव म्हणत होतं, ‘निदान आता तरी.’ आम्ही तिच्या बाजूने दाराशी उभ्या राहिलो. पहिलीचं ऐकणं आणि दुसरीचं ऐकणं यांत तत्त्व एकच आहे. मरणाऱ्या बाईला कुटुंबाने आदर्श माता करू नये, आणि आपण तिला आपल्या भाषणातलं उदाहरण करू नये. काही प्रश्नांना उत्तर नसतं. ‘मीच का?’ याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते शोधून काढायची घाई न करता तिथे बसून राहणं हेही काम आहे.

हे काम फक्त पगारी पथकांनी करावं इतकं ते लहान नाही. केरळात कोझिकोडला १९९३ साली डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरची संस्था सुरू केली, पण पुढे ती चळवळ झाली ती वस्तीवस्तीतल्या साध्या माणसांमुळे. त्यांनी आपल्या भागातले रुग्ण शोधले, शिकून घेतलं, वर्गणी काढली, आणि २००८ साली राज्य सरकारला त्यासाठी धोरण आणावं लागलं. आपल्याकडे बचतगट आहेत, महिला मंडळं आहेत, सल्ला केंद्रं आहेत. दुसरीचं ऐकून घेणं ही तर आपली जुनी ताकद. गोल करून बसून आपल्या अनुभवाला शब्द देत देतच आपण इथवर आलो.

तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत कोण बाई दीर्घ आजाराने घरात पडून आहे याची यादी करावी. दोघी-दोघींनी आठवड्यातून एकदा तासभर जावं. फळं नेली नाहीत तरी चालेल, सल्ले तर नेऊच नयेत. दुखतं का, झोप लागते का, गोळी मिळते का, हे आधी विचारावं. जवळ मॉर्फिन कुठे मिळतं याची माहिती सरकारी रुग्णालयात जाऊन काढावी, मिळत नसेल तर अर्ज द्यावा. सेवा करणाऱ्या लेकीला किंवा सुनेला त्या तासात बाहेर पडू द्यावं. तिचंही आयुष्य त्या खोलीत अडकलेलं असतं. मग खुर्ची खाटेजवळ ओढावी आणि विचारावं, ‘बाई, तुमच्या मनात काय चाललंय?’ आणि मग ती बोलेपर्यंत थांबावं.